मला विचारलंत का?

(सामुदायिक रेडिओवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा मजकूर)

कुणी कामावरून आत्ताच घरात पाऊल टाकलं असेल, कुणाच्या कुकरच्या शिट्ट्या चालू असतील. हात चालूच राहू देत, कान तेवढे आमच्याकडे द्या.

आम्ही भोसरीच्या एका बचत गटातल्या बायका. दर गुरुवारी, म्हणजे आपल्याकडच्या बऱ्याच कंपन्यांच्या सुट्टीच्या दिवशी, आमच्यातल्या चार-पाच जणी टेबल मांडून बसतो आणि लोकांचे अर्ज भरून देतो. आधारची दुरुस्ती, पीएफ, रेशनकार्ड, लाडकी बहीण, पोरांचे दाखले. अर्ज कुठलाही असो, नाव आणि जन्मतारीख झाली की पुढचा रकाना ठरलेला: लिंग. तो आम्ही कधी कुणाला विचारून भरला नाही. समोर बघायचं आणि खूण करायची. बाई दिसली की 'स्त्री', बाप्या दिसला की 'पुरुष'. त्यात विचारायचं काय?

दोन वर्षांपूर्वीच्या एका गुरुवारी आमच्या टेबलापुढं एक सुरक्षारक्षक ताई येऊन बसल्या. अंगावर गणवेश, केस घट्ट बांधलेले, कपाळाला छोटी टिकली. पीएफच्या दुरुस्तीचं काम होतं. आमच्यातल्या एकीनं आधारकार्ड मागितलं, त्यावरचं जुनं नाव वाचलं आणि सवयीनं 'पुरुष' वर खूण केली. ताईंनी कागद हातात घेऊन वाचला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मला विचारलंत का?"

आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच जास्त लागला. आम्ही सगळ्या गप्प. मग कोरा अर्ज काढला, आणि या वेळी विचारलं. आजचं आमचं बोलणं त्या एका प्रश्नातून निघालंय.

विषय ऐकायला कागदी वाटेल. सरकारी आणि निमसरकारी कामावर कोण किती माणसं आहेत, कुणाला किती पगार मिळतो, याची जी आकडेवारी निघते, तिच्यात माणसाच्या लिंगभावाची नोंद कशी व्हावी, हा तो विषय. लिंगभाव म्हणजे आपण स्वतःला मनातून कोण समजतो: बाई, पुरुष, तृतीयपंथी, की या शब्दांपलीकडचं आणखी काही. जन्माच्या वेळी दाईनं किंवा डॉक्टरनं जे सांगितलं, त्याच्याशी ते जुळतं किंवा जुळत नाही. बहुतेकांचं जुळतं, म्हणून आपल्याला तो रकाना दिसतच नाही. चपलेतला खडा ज्याला टोचतो त्यालाच कळतो.

आता आपल्या गावाकडं येऊ. २०२२ साली, राजेश पाटील आयुक्त असताना, पिंपरी-चिंचवड महापालिकेनं तृतीयपंथी व्यक्तींना कंत्राटी पद्धतीनं कामावर घेतलं. कुणी सुरक्षारक्षक झालं, कुणी उद्यानात कामाला लागलं, कुणी ग्रीन मार्शल पथकात. तुमच्यापैकी अनेकींनी त्यांना गणवेशात पाहिलं असेल. सिग्नलला ज्यांच्याकडं बघून आपण रिक्षाचा पडदा ओढायचो, त्या आपल्याला बागेच्या फाटकावर "पिशवी दाखवा ताई" म्हणू लागल्या. ही मोठी गोष्ट होती, आणि त्याबद्दल महापालिकेचं कौतुक झालं ते योग्यच झालं.

पण कौतुकाचा फोटो एका दिवसाचा असतो. नोकरी वर्षानुवर्षं करायची असते. कामावर घेतलेल्यांपैकी वर्षभरानं किती टिकल्या, फाटकावरून आत टेबलावर किती गेल्या, हातात दरमहा किती पडले, याचं उत्तर फोटोत मिळत नाही. ते पगारपत्रकात मिळतं. आणि पगारपत्रकात ते तेव्हाच मिळतं, जेव्हा तिथं तशी नोंद असते.

आमच्या गटात यावर बरंच भांडण झालं, तेही सांगतो. आमच्यातली एक म्हणाली, "हे कुणी कुणाला विचारूच नये. माणूस काम करतो ना? मग हाताकडं बघा, बाकी चौकशा कशाला?" बोलणं साधं आणि चांगल्या मनाचं होतं. पण त्या सुरक्षारक्षक ताई आता आमच्या मैत्रीण झाल्या होत्या, त्यांनी एक हकिगत सांगितली. त्या ज्या कचेरीच्या फाटकावर होत्या, तिचं नाव घेत नाही, तिथला सुरक्षेचा ठेका बदलला. नव्या ठेकेदारानं जुनी बहुतेक माणसं ठेवून घेतली, पण तिघी तृतीयपंथी रक्षकांना "नंतर बोलावतो" सांगितलं. ते नंतर काही आलं नाही. ताई म्हणाल्या, "कागदावर काय झालं सांगू? काहीच नाही. आधी तीस रक्षक होते, नंतरही तीसच. आम्ही नोंदीत असतो, तर आम्हाला काढल्याचीही नोंद झाली असती."

यावर आमच्यातली ती मैत्रीण बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "खरं आहे गं."

मैत्रिणींनो, मोजणी कशासाठी हे आपण बायकांनी तरी विसरू नये. आपणही कधीकाळी आकड्यांतून गायब होतो. १९७४ साली भारतातल्या स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या समितीनं आपला अहवाल दिला. फुलरेणू गुहा अध्यक्ष होत्या, वीणा मजुमदार सदस्य-सचिव. लोकसंख्येतलं आणि कामातलं बायकांचं प्रमाण घटत चाललंय, हे त्यांनी जनगणनेच्या आकड्यांवरून देशासमोर मांडलं. स्त्री-पुरुष असे वेगळे आकडे होते म्हणूनच ते मांडता आलं. त्यातही "तुम्ही काय काम करता?" असं विचारलं की दिवसभर शेतात राबणारी बाई म्हणायची, "मी कुठं काय करते, घरीच असते." म्हणून १९९१ च्या जनगणनेत प्रश्नातच शब्द घातले गेले, की शेतावर किंवा घरच्या धंद्यात बिनपगारी केलेलं कामही काम म्हणून धरायचं. बाई तीच, बांधही तोच, पण प्रश्न नीट विचारल्यावर ती कामगार म्हणून कागदावर आली.

पगाराचंही तसंच. १९७६ च्या समान वेतन कायद्यानुसार मालकाला एक नोंदवही ठेवावी लागायची. कुठलं काम, त्यावर पुरुष किती, स्त्रिया किती, दर काय. त्या वहीमुळं बोट ठेवून दाखवता यायचं, की हे बघा, काम एकच आणि दर दोन. पण त्या वहीत रकाने दोनच होते. कायद्याची भाषाही 'स्त्री आणि पुरुष' अशीच होती. मग २१ नोव्हेंबर २०२५ ला नवी वेतन संहिता लागू झाली. तिच्यात एका मालकाकडं सारख्याच कामासाठी वेतनात 'लिंगभावावरून' भेदभाव नको असं म्हटलंय. दोनाच्या जागी सगळ्यांना सामावणारा शब्द आला. चांगलं झालं. पण कायद्यात शब्द आला आणि वहीत रकाना आला नाही, तर तक्रार करणारीनं दाखवायचं काय?

आता आपल्या पट्ट्यातली एक मेख सांगतो, जी आपल्यालाही लागू आहे. कारखान्यांची सरकारी पाहणी दरवर्षी होते, तिला उद्योगांची वार्षिक पाहणी म्हणतात. तिच्या अर्जात थेट कामावर असलेले पुरुष कामगार एका ओळीत, स्त्री कामगार दुसऱ्या ओळीत. मग येते ठेकेदारामार्फत असलेल्या कामगारांची ओळ, आणि ती एकच. त्यात पुरुष किती, बायका किती, काही विचारलेलं नाही. चाकणला, महाळुंगेला, कुरुळीला पहाटे कंपनीच्या बसमधून ज्या शेकडो पोरी उतरतात, त्यातल्या ठेकेदाराकडच्या सगळ्या त्या एका ओळीत मिसळून जातात. कचेऱ्यांचं वेगळं नाही. फाटकावरच्या रक्षकाचा, झाडूवाल्या मावशीचा पगार ठेकेदार देतो. कचेरीच्या हिशेबात तो पगार म्हणून पडत नाही, ठेकेदाराचं बिल म्हणून पडतो. बिलाला कुठलं लिंग?

म्हणजे बघा, तृतीयपंथी रक्षक आणि कंत्राटी बाई, दोघी एकाच अंधाऱ्या खोलीत उभ्या आहेत. दिवा लागला तर दोघींच्याही तोंडावर उजेड पडेल. म्हणून आमची पहिली मागणी ही, की सरकारी, महापालिकेची, जिल्हा परिषदेची कामगारांची आकडेवारी काढताना कायम आणि कंत्राटी दोन्ही माणसं मोजा. आणि ठेकेदाराला बिल देताना त्याच्याकडून ही माहितीही घ्या. हजेरी, पीएफ आणि ईएसआयचा भरणा तपासता, तसंच हे.

आता प्रश्न येतो तो रकाना भरायचा कुणी. याचं उत्तर न्यायालयानं केव्हाच दिलंय. १५ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं नालसा निकालात तृतीयपंथी व्यक्तींना मान्यता दिली आणि आपला लिंगभाव कुठला हे ठरवण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहे, असं सांगितलं. त्यानंतर २०१९ चा कायदा आला आणि २०२० चे नियम आले. जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळख प्रमाणपत्र मिळण्यासाठी अर्जदाराचं प्रतिज्ञापत्र पुरे, शरीराची तपासणी करायची नाही, असं त्या नियमांत म्हटलं होतं. केंद्र सरकारनंही एप्रिल २०२० मध्ये आपल्या खात्यांना कळवलं, की नोकरभरतीच्या अर्जात तृतीयपंथी हा वेगळा पर्याय ठेवा.

आपल्या राज्यात मात्र तो पर्याय मिळवायला कोर्टाची पायरी चढावी लागली. २०२२ च्या पोलीस भरतीच्या ऑनलाइन अर्जात दोनच पर्याय होते. तृतीयपंथी उमेदवार महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात गेले. अध्यक्ष होत्या न्यायमूर्ती मृदुला भाटकर. त्यांनी गृहखात्याला तिसरा पर्याय द्यायला सांगितला. सरकार त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेलं, पण डिसेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयानं उलट सरकारलाच सुनावलं आणि २८ फेब्रुवारी २०२३ पर्यंत शारीरिक चाचणीचे नियम करायला सांगितलं. एका चौकोनासाठी एवढा खटाटोप! पण तो चौकोन नसता, तर अर्ज पुढंच सरकत नव्हता. संगणक हातातल्या लेखणीसारखा नसतो. कागदावर समासात काहीतरी लिहिता येतं, संगणक म्हणतो, दोनांतलं एक निवड नाहीतर घरी जा.

पण इथं आणखी एक बारीक गोष्ट आहे. तिसरा चौकोन दिला म्हणजे सगळ्या तृतीयपंथी व्यक्ती त्यातच बसतील, असं धरून चालता येत नाही. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकची गोष्ट घ्या. तिथल्या अंजली पाटील यांनी ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत स्त्रियांसाठी राखीव जागेवर अर्ज भरला. त्या तृतीयपंथी आहेत म्हणून अर्ज बाद झाला. त्या उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. जानेवारी २०२१ मध्ये न्यायालयानं त्यांचं म्हणणं मान्य केलं, की त्या स्वतःला स्त्री मानतात, तर त्यांना स्त्री म्हणून लढू द्या. त्या लढल्या आणि निवडूनही आल्या. म्हणजे एकीला 'तृतीयपंथी' हा शब्द आपला वाटतो, तर दुसरी म्हणते मी बाईच आहे. तिसरा कुणी स्वतःला पुरुष मानतो, जरी घरच्यांनी त्याला मुलगी म्हणून वाढवलं असलं तरी. त्यांचं तर आपण नावही घेत नाही, कारण आपल्या डोळ्यांपुढं तृतीयपंथी म्हटलं की साडी नेसलेल्याच येतात.

मग विचारायचं कसं? कॅनडानं २०२१ च्या जनगणनेत दोन प्रश्न विचारले. एक, जन्माच्या वेळी नोंद काय होती. दुसरा, आज तुमचा लिंगभाव काय. दोन उत्तरं शेजारी ठेवली की माणसाला कुठल्या एका शब्दात कोंबावं लागत नाही. तिथं पंधरा वर्षांवरच्या साधारण एक लाख लोकांची उत्तरं एकमेकांपेक्षा वेगळी होती, किंवा स्त्री-पुरुष या दोन्हींत न बसणारी होती. इंग्लंड आणि वेल्समध्येही त्याच वर्षी असा प्रश्न विचारला, पण वाक्य जरा अवघड होतं. ज्यांचं इंग्रजी कच्चं होतं त्यांच्यातल्या काहींनी प्रश्न समजण्यात गफलत केली असावी, अशी शंका निघाली. शेवटी २०२४ मध्ये तिथल्या सांख्यिकी कार्यालयानं त्या आकड्यांवरचा पक्का शिक्का काढून घेतला. आपण यातून काय घ्यायचं? प्रश्न आपल्या माणसांच्या बोलीत हवा. लिंगभाव, पारलिंगी, अभिव्यक्ती असले शब्द एका ओळीत टाकले, तर आमच्या टेबलावर येणाऱ्या मावशी घाबरून भलत्याच चौकोनात खूण करतील.

आम्ही आमच्या टेबलासाठी एक साधा प्रश्न तयार केलाय. "नोंदीत तुम्हाला काय लिहिलेलं हवंय?" पर्याय पाच: स्त्री, पुरुष, तृतीयपंथी, वेगळा शब्द असेल तर तो लिहा, आणि सांगायचं नाही. हा शेवटचा पर्याय सगळ्यात महत्त्वाचा. विचारणं हे आपलं काम, सांगणं ही त्यांची मर्जी.

कारण मैत्रिणींनो, भीती खोटी नाही. २०११ च्या जनगणनेत 'इतर' या रकान्यात देशात ४,८७,८०३ माणसं नोंदली गेली. महाराष्ट्रात ४०,८९१. एवढ्या मोठ्या राज्यात एवढीच? दारात उभ्या असलेल्या मास्तरांना सासूसमोर, शेजाऱ्यांसमोर, घरमालकासमोर कोण खरं सांगेल? आणि सांगितलं तर काय होतं, हेही आपल्याला दिसलंय. २०१७ मध्ये केरळात कोची मेट्रोनं तृतीयपंथी व्यक्तींना नोकऱ्या दिल्या. देशभर वाहवा झाली. पण शहरात राहायला खोलीच कुणी देईना, म्हणून त्यातल्या काही जणी थोड्याच दिवसांत काम सोडून गेल्या. नोकरी मेट्रोनं दिली, ती हातातून गेली घरमालकांमुळं. आपल्याकडं चाकणला, मोशीला खोल्या शोधताना "कोण कोण राहणार?" हा प्रश्न आपल्यालाही विचारतात. एकट्या बाईला विचारतात तसा त्यांनाही, फक्त दहापट जास्त.

म्हणून नोंद ठेवायची तर कुलपात ठेवायला हवी. २०२० च्या नियमांत प्रत्येक आस्थापनेनं समान संधीचं धोरण करायचं आणि त्यात कर्मचाऱ्याच्या लिंगभावाची माहिती गुप्त ठेवण्याची तरतूद करायची, असं आहे. त्याचा अर्थ साधा. ही माहिती हजेरीच्या मस्टरवर नको, ओळखपत्रावर नको, सुपरवायझरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर नकोच नको. मोजणारा एक माणूस, त्याचं कपाट वेगळं.

आकडा छापतानाही सांभाळावं लागतं. समजा, एका विभागात एकच तृतीयपंथी कर्मचारी आहे, आणि अहवालात छापलं, की या विभागातल्या तृतीयपंथी कर्मचाऱ्यांचा सरासरी पगार एवढा. एका माणसाची सरासरी म्हणजे त्या माणसाची पगाराची स्लिपच की! अख्ख्या कचेरीला तिचा पगार कळला आणि तिची ओळखही. म्हणून माणसं थोडी असतील तिथं विभागवार आकडा छापायचा नाही, सगळे विभाग एकत्र करून छापायचा. बचत गटाच्या हिशेबात आपण एखाद्या अडलेल्या बाईचं नाव फळ्यावर लिहीत नाही, एकूण थकबाकी लिहितो. तीच रीत.

आता पगाराचं बोलू, कारण खरी गोम तिथं आहे. समजा, एका कचेरीत चार तृतीयपंथी रक्षक आहेत. त्यांना इतर रक्षकांएवढेच पैसे मिळतात. अधिकारी अभिमानानं सांगतील, "आमच्याकडं भेदभाव नाही, समान काम समान वेतन." खरंच आहे. पण चारही जणी फाटकावरच का? त्यांच्यातली एक पदवीधर असली तरी? लिपिकाच्या टेबलावर एकही का नाही? दर एकच आहे, शिडी मात्र पहिल्या पायरीवरच तोडलेली आहे. हे आपल्याही ओळखीचं आहे ना? पॅकिंगला बायका, मशीनवर पुरुष. दोघांचा दर आपापल्या कामाला बरोबर, आणि तरी महिन्याअखेर दोन घरांतल्या डब्यांत फरक.

म्हणून नुसती डोकी मोजून भागत नाही. आम्हाला पाच गोष्टी कळायला हव्यात. किती माणसं आहेत? कुठल्या पदावर? कायम की कंत्राटी? हातात दरमहा किती पडतात? आणि वर्षभरात किती जणांनी काम सोडलं किंवा किती जणांना काढलं? ही पाचवी गोष्ट त्या तिघींसाठी. स्त्री, पुरुष, तृतीयपंथी, सगळ्यांसाठी हेच पाच प्रश्न वर्षातून एकदा विचारले आणि उत्तरं लोकांसमोर ठेवली, तरी पुष्कळ झालं. शेजारच्या कर्नाटकात २०२१ पासून सरकारी भरतीत तृतीयपंथी व्यक्तींना एक टक्का जागा आहेत. पण जागा ठेवल्या, तरी त्या भरल्या की नाही हे कळायलाही मोजावंच लागणार. मोजदाद नसली की राखीव जागा रिकाम्या राहिल्याचंही कळत नाही.

आमच्या गटातल्या एका काकूंनी मनातलं बोलून दाखवलं, तेही लपवत नाही. त्या म्हणाल्या, "ज्या स्वतःला बाई म्हणवतात त्या आपल्या रकान्यात आल्या, तर आपले आकडे बिघडतील का? आपण एवढ्या वर्षांनी मिळवलेला रकाना आहे हा." हा प्रश्न विचारणं म्हणजे द्वेष नव्हे. आम्ही त्यावर बोललो. त्याचं उत्तर कॅनडाच्या त्या दोन प्रश्नांत आहे. ज्यांची सांगायला हरकत नाही त्यांनी दोन्ही उत्तरं द्यावी. मग एकूण बायका किती हेही दिसतं, आणि त्यांच्यातल्या तृतीयपंथी किती हेही. कुणाचं काही पुसलं जात नाही. आणि काकूंना शेवटी आमच्या रक्षक ताईच म्हणाल्या, "काकू, तुमच्या रकान्यात आले तरी माझा पगार तुमच्याएवढाच कमी आहे. तुमची सरासरी माझ्यामुळं वर जायची नाही." काकू हसल्या, आम्ही सगळ्याच हसलो. पण हसता हसता पोटात काहीतरी तुटलं.

आता थोडं कामाचं. ऐकणाऱ्यांत कुणी स्वतः तृतीयपंथी असाल, किंवा तुमच्या घरात, गल्लीत कुणी असेल, तर हे ध्यानात ठेवा. आधारमध्ये तृतीयपंथी हा पर्याय आहे. पॅनकार्डात तो २०१८ पासून आहे. त्याआधी आधारवर एक आणि पॅनवर दुसरंच, असा घोळ व्हायचा आणि दोन्ही जोडताना अडकायचं. पीएफमध्येही पर्याय आहे. सगळीकडं नाव आणि लिंगाची नोंद सारखी हवी, नाहीतर पैसे काढताना अडतं. १ ऑक्टोबर २०१७ नंतर मिळालेला यूएएन आधारशी पडताळलेला असेल, तर अशी दुरुस्ती बहुतेक वेळा स्वतःच ऑनलाइन करता येते. जुना असेल तर मालकाबरोबरचं संयुक्त घोषणापत्र लागतं. ओळख प्रमाणपत्राचा अर्ज राष्ट्रीय पोर्टलवरून करता येतो. आणि कामाच्या ठिकाणी त्रास झाला, तर २०१९ च्या कायद्यानं प्रत्येक आस्थापनेत एक तक्रार अधिकारी नेमायला सांगितलंय. तो कोण आहे, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

आणि तुम्ही एचआरमध्ये असाल, मस्टर भरत असाल, ठेकेदाराकडं सुपरवायझर असाल, तर एवढंच करा. बघून खूण करू नका, विचारा. चारचौघांत नाही, बाजूला घेऊन. आणि उत्तर मिळालं की ते कुलपात ठेवा.

पुढची जनगणना आता जवळ आलीय. तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. या वेळी मोबाइलवरून आपली माहिती आपणच भरायची सोयही असणार आहे. दारातल्या चार माणसांसमोर न सांगता उत्तर देता येईल, ही आम्हाला मोठी गोष्ट वाटते. त्या वेळी ज्यांना मदत लागेल त्यांच्यासाठी आम्ही गुरुवारी टेबलावर असूच.

त्या रक्षक ताई आता दुसऱ्या ठिकाणी कामाला लागल्यात. अधूनमधून गुरुवारी येतात, आमच्या शेजारी खुर्ची टाकून अर्ज भरायला मदत करतात. अक्षर आमच्यापेक्षा सुंदर आहे. परवा एक आजीबाई आल्या, निराधार योजनेचा अर्ज होता. पदर डोक्यावर, हातात हिरव्या बांगड्या. ताईंनी नाव लिहिलं, जन्मसाल लिहिलं आणि लिंगाच्या रकान्यापाशी थांबून विचारलं, "आजी, इथं काय लिहू?"

आजी म्हणाल्या, "बाई लिही की गं. पण विचारलंस ते बरं केलंस, आजवर कुणी विचारलं नव्हतं."

पुढच्या गुरुवारी भेटू, मैत्रिणींनो. येताना आधारकार्डाची झेरॉक्स आणायला विसरू नका. नमस्कार.